अस्वल गेलं तळ्याकाठी

शहरातल्या जुन्या, टीचभर प्राणिसंग्रहालयाचा नवा आराखडा पुठ्ठ्यात उभा करून वास्तुविशारद जावईबापू समितीपुढे आले. त्यांनी नमुन्यावरचं फडकं दूर केलं आणि ते चक्रावलेच. अस्वल वाहनतळावर गेलं होतं!

नावांच्या पट्ट्या त्यांनी स्वतः डकवल्या होत्या. तळ्याकाठची मोठी जागा वाहनतळाला, ही अध्यक्षांची आज्ञा. म्हातारं अस्वल होतं तिथेच, शंभर वर्षांच्या लोखंडी पिंजऱ्यात. पिंजरा ऐतिहासिक, त्यामुळे तोडायची सोय नाही. यावरून सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला होता. सासरे त्या अस्वलाचे राखणदार. 'मरायच्या आधी त्याला एकदा पाण्यात डुंबू द्या,' एवढंच त्यांचं मागणं होतं.

आता तळ्याकाठी 'अस्वल' होतं, पिंजऱ्यावर 'संचालकांचे कार्यालय' आणि कार्यालयाच्या जागी 'वाहनतळ'. जावईबापूंना घाम फुटला. आज मंजुरी मिळाली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "अस्वल तळ्याकाठी! हे आम्हाला सुचलंच नव्हतं."

"मलाही नव्हतं," जावईबापू खरं बोलून गेले. सगळ्यांना तो विनय वाटला.

"पण साहेब, मी पिंजऱ्यात बसायचं?" संचालक कळवळले.

"अहो, ऐतिहासिक वास्तू आहे ती," अध्यक्ष म्हणाले. "हवा खेळती. शिवाय तक्रार घेऊन येणारा गजांबाहेरच थांबेल."

संचालकांनी विचार केला. "मग कडी आतून हवी."

"आणि गाड्या?" जावईबापूंनी चाचरत विचारलं.

"मावतील तेवढ्या मावतील. लोकांना चालायला काय धाड भरलीय?" अध्यक्षांचं बोट फिरत फिरत एका जागी थबकलं. "हे प्रवेशद्वार मात्र साफ चुकलंय. इथे कोणी दार ठेवतं का? तेवढं हलवा, बाकी मंजूर!"

जावईबापू घरी पोचले तरी डोकं गरगरतच होतं. दारातच सासरे म्हणाले, "या जावईबापू, चहा घेणार ना?" महिन्याभरातलं हे पहिलं वाक्य.

"अगं, नमुन्याला हात कोणी लावला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मीच सकाळी धूळ झटकली. पट्ट्या पडल्या, त्या अंदाजाने चिकटवल्या. काही घोळ झाला का हो?"

"एवढ्या घट्ट डकवलेल्या पट्ट्या पडल्या? जाऊ दे. सगळं मंजूर झालं. फक्त प्रवेशद्वार चुकलंय म्हणाले."

"अगं बाई!" बायको म्हणाली. "त्याला तर मी हातसुद्धा लावला नव्हता."