पिवळ्याची पडताळणी

सार्वजनिक कलादालनाचा मुख्य हॉल सात वर्षं रांगेत राहिल्यावर चित्रकाराला आठवडाभरासाठी मिळाला. अर्ज भरताना नवव्या रकान्यात त्याने खरं तेच लिहिलं, आणि तिथेच माशी शिंकली.

रकाना होता 'प्रेरणा'. त्याने लिहिलं : एक सिनेमा. अकरा वेळा पाहिलेला. त्यातल्या प्रत्येक खोलीत उतरत्या उन्हाचा पिवळा उजेड होता आणि माणसं त्यात नुसती थांबलेली असायची. तो पाहून आल्यावर चित्रकाराला स्वतःच्याच घरातली खिडकी पहिल्यांदा दिसली. बायकोला त्याने बारा रविवार त्या खिडकीपाशी उभं केलं. चित्र झाल्यावर ती म्हणाली, "कावीळ झाल्यासारखी दिसतेय मी." पण नंतर भाजी चिरता चिरता तीनदा येऊन बघून गेली. इतकं खरं चित्र त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

"अहो, इथे सगळे 'निसर्ग' लिहितात," दालनाचे कारकून कळवळून म्हणाले. "निसर्गाची पडताळणी करायला कोण जातंय? सिनेमा म्हटलं की समिती आली."

समिती आली. "सिनेमा थोर आहे," अध्यक्ष म्हणाले. दोन्ही सदस्यांनी तो थोर असल्याला दुजोरा दिला. तिघांपैकी कोणीच तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे मतभेदाचा प्रश्न आला नाही.

नियम साधा होता. चित्र सिनेमाशी फार जुळलं तर ती नक्कल. मुळीच जुळलं नाही तर अर्जात खोटी माहिती. प्रेरणा या दोहोंच्या मधे कुठेतरी, शक्यतो साठ टक्क्यांच्या आसपास असावी, असं परिपत्रकात होतं. तुलनेसाठी बैठकीच्या खोलीतला टीव्ही लावण्यात आला. चार वर्षांपासून त्यावर सगळं हिरवं दिसे. दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलेला होता, आणि तो खाली येईपर्यंत टीव्ही बिघडलाय असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

"सिनेमा हिरवा आहे," दहाव्या मिनिटाला अध्यक्ष म्हणाले. "तुमचं चित्र पिवळं. ही कसली प्रेरणा?"

"साहेब, टीव्ही हिरवा आहे! बातम्या लावून बघा, त्यासुद्धा हिरव्याच दिसतील."

"बातम्या समितीच्या कार्यकक्षेत येत नाहीत."

"अहो, मी अकरा वेळा पाहिलाय."

"त्याची नोंद आहे कुठे?"

नोंद नव्हती, नुसतं चित्र होतं. तीन दिवसांत रंगदुरुस्ती करा, नाहीतर पुन्हा सात वर्षं रांगेत, असा निर्णय झाला.

चित्रकार घरी येऊन कितीतरी वेळ चित्रासमोर बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. हिरव्या रंगाची ट्यूब पिळतानाही ती वाटतच होती.

"कावीळ चालली असती रे," बायको मागून म्हणाली. "हे शेवाळ काय उगवलं माझ्या तोंडावर?"

"आठवड्याचाच प्रश्न आहे."

"मग परत खरवडून मला बाहेर काढशील?"

ब्रश मात्र थांबला नाही.

प्रदर्शन तुफान गाजलं. समीक्षकाने 'सिनेमातल्या त्या अविस्मरणीय हिरव्या'वर दोन रकाने लिहिले. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आठवतोय ना, काय हिरवा होता तो!" नवरा म्हणाला, "विसरेन होय?" चित्रकाराला राहवलं नाही. त्याने एका गृहस्थांना बाजूला घेऊन सांगितलं, की खरं तर तो पिवळा होता. गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही सिनेमा पुन्हा एकदा नीट बघा," ते मायेने म्हणाले.

अभिप्रायवहीत एकशे चाळीस जणांनी हिरव्याला दाद दिली. एक ओळ तेवढी बायकोच्या अक्षरात होती : 'खिडकीत मी होते. उजेड पिवळा होता.' कारकुनांनी तिच्यावर 'नोंदीशी विसंगत' असा शिक्का मारला. चित्रकाराने पुढच्या प्रदर्शनाचा अर्ज तिथेच उभ्या उभ्या भरला, आणि नवव्या रकान्यात लिहिलं : निसर्ग.

या सिनेमाचं नाव गोष्टीत कुठेही आलेलं नाही. तरी तो कोणता हे तुम्ही केव्हाच ओळखलंत, आणि मानही डोलावलीत. हरकत नाही. वहीत एक पान अजून कोरं आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे. उजेड कोणता होता तेवढं लिहून जा. मात्र लिहिण्याआधी वरचे अभिप्राय वाचून घ्या. सगळे तसंच करतात.