ढगे सरांचा प्रोटीनचा दिवा

ढगे सर कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी वर बघतात. यजमान नंतर, आधी बल्ब. दारातच उभं राहून, डोळ्यांवर आडवा हात धरून ते त्या बल्बकडे असं निरखून बघतात की घरमालकाला वाटावं, हा माणूस वीज मंडळाकडून आलाय आणि आपल्या मीटरमध्ये काहीतरी सापडलंय. मग ते विचारतात, "हे पांढरं दिसतंय तुम्हाला?"

यावर हो म्हणायचं नसतं. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी नवीन होतो, हो म्हणालो, आणि हातातला चहा निवून त्यावर साय धरली.

"पांढरं नाय ते, कुलकर्णीसाहेब. आत निळंशार हाय. वरून पिवळी पावडर फासलीय, म्हणून तुमची फसगत होती. आता ती पावडर कुठून येती, सांगा."

मी उभं आयुष्य विमा कचेरीत काढलं. पावडर म्हटलं की मला घामोळं आठवतं. पण सरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू कुठून येते याची त्यांना फिकीर. ती पावडर म्हणे दुर्मिळ खनिजांपासून करतात, आणि ती खनिजं काढायला कुठल्या कुठल्या देशांत डोंगर पोखरावे लागतात. सरांना हे मंजूर नाही. त्यांचा उपाय म्हणजे जेलीफिश.

समुद्रात एक जेलीफिश असतो, त्याच्यावर निळा उजेड पडला की तो हिरवा चमकतो. ही करामत त्याच्या अंगातल्या एका प्रोटीनची. त्या प्रोटीनची कृती जिवाणूंना शिकवली की ते बिचारे जेलीफिशला न दुखवता भांडंभर प्रोटीन करून देतात. त्यातच लाल, पिवळ्या रंगाचेही प्रकार निघतात. मग ते रबरासारख्या पातळ पडद्यात मिसळायचं आणि निळ्या एलईडीवर बसवायचं. झाला दिवा तयार. विजेची बचत तीच, आणि डोंगरही जागच्या जागी.

"मामला फक्त टिकण्याचा हाय," सर म्हणतात. "ते प्रोटीन म्हणजे आपली कणगी बगा. धान्याची, बांबूची विणलेली. कणगीच्या मधोमध दिवा ठेवलाय असं समजा. कणगी शाबूत, तर उजेड शाबूत. उन्हानं, गरमीनं कणगी उसवली की खेळ खलास."

सर मूळचे सोयगावकडचे, शेतकरी घरातले. आमच्या घराण्यात धान्य पिशवीतूनच येत आलं. पण कणगी मला समजली आणि त्या दिवशी मी बायकोला प्रोटीनची रचना समजावून सांगितली. तिनं विचारलं, दळण आणलं का.

सरांना हा विषय कुठं काढावा याचं भान नाही. शहागंजातले आमचे ओळखीचे कापडवाले वारले, तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. अशा ठिकाणी मान खाली घालून बसायची रीत. सर मान वर करून बसले. छताला नवीन एलईडीचे चौकोन बसवलेले होते, सर त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. घरच्यांना वाटलं, सरांच्या मनाला फारच लागलं. थोरल्या मुलानं त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी खरोखर दुःखी होतो, पण माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

आता मी त्यांच्या नादाला कसा लागलो, ते सांगायला हवं. जेलीफिशचं प्रोटीन काही शहागंजात मिळत नाही. तेव्हा सरांनी तिथून निळ्या एलईडीची पट्टी आणली आणि घरातल्या हळदीवर भागवलं. निळ्या उजेडात हळदही हिरवट पिवळी चमकते. चायनाग्रास उकळून त्यात त्यांनी हळदीचा अर्क मिसळला, त्याची वडी थापली आणि पट्टीवर बसवली. हळद हे प्रोटीन नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "सराव म्हणून करायचं," ते म्हणाले, "खरा बैल मिळंपर्यंत मातीच्या बैलाचा पोळा."

हा दिवा त्यांनी माझ्या दिवाणखान्यात लावायला दिला आणि मी तो लावला. का लावला, याचं उत्तर माझ्या बायकोला मी अजून दिलेलं नाही. त्याच संध्याकाळी मुलाच्या लग्नाच्या बोलणीसाठी जालन्याची मंडळी घर बघायला आली. पोहे हिरवे, भिंती पिवळ्या, आणि कोचावर मधोमध मी, दिव्याच्या बरोबर खाली. मुलीच्या वडिलांनी बोलता बोलता माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं. निघताना त्यांनी हिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेबांना कावीळ कधीपासून हाय?" लग्न जमलं, देवाची कृपा. पण दर दिवाळीला व्याही फराळासोबत कसल्यातरी मुळ्या पाठवतात, आणि त्या उगाळून घेतल्या का म्हणून फोन करतात.

हळदीच्या वडीचा रंग दोन दिवसांत उडाला. मला वाटलं, सर खट्टू होतील. सर उलट खुशीत. "का उडाला, हे आता तिला विचारता येईल," म्हणाले.

ती म्हणजे शुभांगी, त्यांची एकुलती एक मुलगी. युरोपात एका प्रयोगशाळेत काम करते, आणि काम हेच, प्रोटीनच्या दिव्यांचं.

आपल्याकडं बापाचं फोनवरचं काम किती असतं, हे मी स्वतःवरून सांगतो. माझा मुलगा पुण्याहून फोन करतो. मी विचारतो, जेवलास का. तो हो म्हणतो. मी म्हणतो, थांब, आईला देतो. सरांचंही आयुष्यभर असंच चाललेलं. तीन वर्षांपूर्वी सुमनवहिनी, सरांच्या पत्नी, गेल्या. त्यानंतरच्या रविवारी शुभांगीचा फोन आला. जेवलीस का, झालं. तब्येत कशी, झालं. आणि मग सर सवयीनं म्हणून गेले, "थांब, आईला देतो."

हे त्यांनीच मला सांगितलं, एकदा, भाजी निवडता निवडता. त्यावर फोनच बंद झाला म्हणे. पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. एकदा काहीच सुचेना म्हणून सरांनी विचारलं, तुझा तो दिवा किती वेळ टिकला गं? त्यावर मुलगी जी बोलायला लागली, ती भाजीवाला येऊन गेला तरी बोलतच होती.

तेव्हापासून सरांचा आठवडा रविवारच्या फोनसाठी असतो. तिच्यासाठी एक प्रश्न शोधायचा, जो तिला बोलतं ठेवील. त्यासाठी इंग्रजी लेख शब्दकोश घेऊन वाचायचे, गल्लीतल्या इंजिनियर पोरांना बेजार करायचं. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला विज्ञानाचं वेड लागलंय. तसं कॉलनीत सांगतही फिरायचो.

मागच्या गुरुवारी सरांनी मला नवा धडा दिला. प्रोटीनचा पडदा निळ्या एलईडीच्या चिपला चिकटून बसवला तर लवकर विझतो, थोडा लांब बसवला तर कैक पट टिकतो. कारण चिपची गरमी, शिवाय चमकताना ते प्रोटीन स्वतःही तापतं. सगळं त्यांनी पाट, तवा आणि कणगी मांडून समजावलं. मला ते इतकं नीट कळलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं बसलेलो असतानाच फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"काय गं शुभे, एक समजंना बग," सर म्हणाले. "तो पडदा चिपला चिकटून लावला तर लवकर काहून विझतो?"

मला उत्तर येत होतं. शाळेत माझा हात कधी वर गेला नाही, पासष्टाव्या वर्षी संधी आली होती. मी तोंड उघडलं, तोच टेबलाखाली सरांनी माझा गुडघा असा दाबला की माझी बत्तिशी आपोआप मिटली.

"अण्णा, किती वेळा सांगितलं तुम्हाला," असं म्हणून तिकडून शुभांगीनं सुरुवात केली. गरमी, पडदा, अंतर, सगळं. मध्येच स्वयंपाकाच्या गॅसबद्दल विचारलं, गुडघेदुखीबद्दल विचारलं, परत पडद्यावर आली. सर "असं व्हय", "आत्ता डोक्यात शिरलं" म्हणत ऐकत होते. ज्या माणसानं गुरुवारी मला हेच सगळं शिकवलं, तो डोळे मिटून, पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकत होता. मी खिडकीकडं बघत बसलो.

मग ती म्हणाली, "अण्णा, एक सांगायचं राहिलं. आमचं हे काम संपत आलंय. पुढच्या महिन्यापासून मी दुसऱ्या गटात जातेय. दिव्यांचं नाही तिथं. बुरशीचं काम आहे, बुरशी वाढवून थर्माकोलऐवजी वापरायचं सामान करायचं."

सरांनी डोळे उघडले. टेबलावर शब्दकोश होता, अधोरेखित केलेले लेख होते, हळदीची नवी वडी वाळत होती. त्यांनी त्या सगळ्याकडं एकदा बघितलं. मला भीती वाटली की ते आता म्हणतील, थांब.

"बुरशी म्हंजी," सर म्हणाले, "भाकरीवर येती ती?"

"त्यातलीच, पण वेगळी."

"मला त्यातलं काय बी ठाऊक नाय, शुभे."

माझा गुडघा या वेळी कुणी दाबला नाही. मलाही काही ठाऊक नव्हतं, आणि या वेळी सर खरं बोलत होते. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून दोन्ही हातांत धरला.

"थांबा, कॉफी घेऊन बसते, अण्णा. सगळं सांगायला वेळ लागेल."

"लागू दे," सर म्हणाले.