पाचशे बहात्तरावं कोडं

शुक्रवारी संध्याकाळी कोडेकार तीन मजले चढून घरी आले आणि चपलाही न काढता टेबलाशी बसले. लिफ्ट पुन्हा वर कुठेतरी अडकली होती. बिल्डिंगची लिफ्ट जुनी. तिचं जाळीचं दार हातानं सरकवून लावावं लागे. कुणी ते उघडं ठेवून गेलं, की लिफ्ट तिथेच ठाण मांडून बसायची आणि खालच्यानं बटण कितीही बडवलं तरी हलायची नाही.

"कोण उघडं ठेवतं दार, मला एकदा कळू दे!" कोडेकार धापा टाकत म्हणाले.

"कळलं तर काय करणार?" बायकोनं विचारलं.

"काय करणार म्हणजे?" ते थबकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "कोडं करणार!"

गेली अकरा वर्षं दर रविवारी ते वर्तमानपत्रात तर्काचं कोडं देत. बाकी आठवडाभर ते तिथेच मुद्रितं तपासत. पण ती नोकरी होती आणि कोडं हा त्यांचा जीव की प्राण होता. त्यांच्या कोड्यात चार-पाच माणसं असत, चार-पाच विधानं असत. एकेक शक्यता खोडत जायची, शेवटी जो उरेल तो उत्तर. येणारा रविवार पाचशे बहात्तरावा होता आणि आठ वाजेपर्यंत मजकूर पोचवायचा होता.

अर्ध्या तासात कोडं तयार झालं. चार मजले, चार बिऱ्हाडं: घड्याळजी, चित्रकार बाई, निवृत्त न्यायाधीश आणि कवी. ज्याचे दोन्ही हात भरलेले असतात, तोच लिफ्टचं दार उघडं टाकतो. हे घडतं सातनंतर. घड्याळजी सहालाच घरी येतो. न्यायाधीशांच्या एका हातात काठी असते, दुसरा मोकळा. कवी जिन्यानंच येतो. चित्रकार बाई दोन्ही हातांत सामान घेऊन येतात. तर दार उघडं कोण टाकतं?

बायकोनं वाचलं. "अहो, हे तर आपल्याच बिल्डिंगचं आहे."

"छे! सगळ्यांचे धंदे बदललेत मी."

"पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणजे घड्याळजी. दुसऱ्यावरच्या शिवणकामवाल्या ताई म्हणजे चित्रकार. चौथ्यावरचे हेडसर म्हणजे न्यायाधीश. आणि तुम्ही म्हणे कवी! कधी चार ओळी तरी केल्यात का?"

कोडेकारांनी हे ऐकलंच नाही. कवी होण्याची हौस त्यांनी तेवढीच भागवून घेतली होती.

रविवारी साडेनऊला दारावरची बेल वाजली. दारात शिवणकामवाल्या ताई. गळ्यात टेप, हातात पेपर.

"भाऊ, चित्रकार म्हणजे मी का हो?"

"अहो ताई, ते काल्पनिक आहे."

"असं? मग दोन्ही हातांत कापडाची गाठोडी घेऊन रोज काल्पनिक येते का? डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत सोडवलं आणि जिन्यात मला म्हणाले, 'ताई, आता दार लावत चला!' मी दार लावते, भाऊ! कोपरानं लावते! हे बघा, कोपराला घट्टा पडलाय." त्यांनी कोपर पुढे केलं. "मी संपादकांना पत्र लिहिणार."

पत्र म्हटल्यावर कोडेकार नरमले. संपादकांना तक्रारी अजिबात चालत नसत. त्यांनी ताईंना पुढच्या रविवारी शुद्धिपत्र देण्याचा शब्द दिला आणि तो पाळलाही. 'चित्रकार बाई दार कोपराने लावतात. तसेच घड्याळजी सहाऐवजी आठला येतो, आणि त्याच्या एका हातात बॅग व दुसऱ्यात डबा असतो. वाचकांनी उत्तर दुरुस्त करून घ्यावे.'

एक विधान हललं, की दुसरं हलवावं लागतं. नाहीतर कोड्याला उत्तरच उरत नाही. हे त्यांना अकरा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. फक्त सोमवारी आपली दाताची वेळ ठरलेली आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. दाढ आदल्या आठवड्यात अर्धी कोरून ठेवलेली होती. "म्हणजे घड्याळजी मी तर!"

"आँ... आँ..."

"बॅग आणि डबा घेऊन आठला येतो तो मीच ना?"

"आँ!"

"हो म्हणताय की नाही म्हणताय? नीट बोला." डॉक्टरांनी कोरायचं यंत्र सुरू केलं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं. "तीस पेशंटनी विचारलं आज. सगळा दिवस मी लोकांना 'तोंड बंद करा' म्हणतोय. आमच्या धंद्यात असं म्हणत नाहीत हो!"

कोडेकारांनी हातानं कागद-पेन मागितलं आणि आडवं पडल्यापडल्याच तिसऱ्या रविवारचं शुद्धिपत्र लिहून दिलं. घड्याळजी बॅग खांद्याला लावतो, त्यामुळे त्याचा एक हात मोकळा असतो. न्यायाधीशांच्या मात्र दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते. डॉक्टरांनी वाचलं, मान डोलावली आणि दाढ हळुवार भरली.

हेडसर भांडायला आले नाहीत. त्यांनी पेपरातलं कात्रण दाराखालून आत सरकवलं. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं: 'तर्क: दहापैकी दोन. अक्षर छापील असल्यामुळे एक गुण जादा. पालकांनी येऊन भेटावे.' कोडेकारांचे पालक हयात नसल्यामुळे बायकोच वर जाऊन भेटून आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, कधी एक खिडकी उघडी राहू दिली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मला तुमची लाज वाटली."

कोडेकारांनाही वाटली. खरोखर वाटली. तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

"एक कोडं, तीन रविवार, तीन उत्तरं! टेबलावर एक्केचाळीस पत्रं पडलीत. हे बघा, पुढच्या रविवारी एकच उत्तर द्या आणि त्यावर एकही तक्रार येता कामा नये. नाहीतर त्या जागेवर राशिभविष्य घालतो. तिथे बारा उत्तरं देतात, तरी कुणी हूं की चूं करत नाही."

फोन ठेवून कोडेकार टेबलाशी आले. रविवार गेला तर आपल्याकडे उरणार काय? नुसती मुद्रितं! मग त्यांनी कागद घेतला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. चार घरं आखली, चार माणसं लिहिली. प्रश्न फक्त बदलला: उत्तर निघाल्यावर तक्रार कोण करणार नाही? ताई करतील, खोडलं. डॉक्टर करतील, शिवाय दुसरी दाढही दुखू लागलीय; खोडलं. हेडसर रडतील, दोनदा खोडलं. एकच नाव उरलं. त्यांनी सगळं पुन्हा वरपासून तपासलं. तर्कात खोट नव्हती.

चौथ्या रविवारी छापून आलं: 'न्यायाधीश पिशवी काठीलाच अडकवतात. कवीने जिना सोडला असून तो आता लिफ्टने येतो. त्याच्या एका हातात वही आणि दुसऱ्यात पेन असते. हे उत्तर अंतिम आहे.'

बिल्डिंगमध्ये आनंदीआनंद झाला. ताईंनी जिन्यात थांबवून सांगितलं, "मला पहिल्यापासून वाटतच होतं, भाऊ." डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. हेडसरांनी नवं कात्रण सरकवलं, त्यावर दहापैकी दहा होते. संपादकांकडे एकही पत्र आलं नाही आणि पाचशे शहात्तरावं कोडं मागवलं गेलं. कोडेकार खुशीत शीळ घालत कामाला लागले.

सोमवारी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली. मंगळवारी चौथ्यावर. बुधवारी चक्क पहिल्यावर, जिथं पूर्वी कधीच अडकली नव्हती. दर वेळी जिन्याच्या पोकळीतून कुणीतरी हाक मारायचं, "ओ कवी, दार!" आणि कोडेकार कुठं असतील तिथून जाऊन दार लावून यायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. उत्तर अंतिम आहे, असं त्यांनीच छापलं होतं.

गुरुवारी ते चौथ्या मजल्यावरचं दार लावून, गुडघे चोळत जिना उतरून आले, तोच त्यांच्याच मजल्यावर लिफ्ट थांबली. बायको बाहेर आली. दोन्ही हात रिकामे. जाळीचं दार सताड उघडं टाकून ती घरात शिरली.

"अगं! दार!" कोडेकार ओरडले. "म्हणजे तूसुद्धा?"

"तूसुद्धा काय? सगळेच तसेच येतात हल्ली."

"अगं, पण लावायला काय होतं?"

"मला काही होत नाही." ती पंखा लावून शांतपणे बसली. "पण विचार करा. मी लावलं, ताईंनी लावलं, सगळ्यांनीच लावलं, तर दार उघडं राहणारच नाही. मग कवी दोषी कसा? तुमचं उत्तर चुकेल. परत शुद्धिपत्र. परत संपादकांचा फोन."

कोडेकार दारातच उभे राहून तिच्या तर्कातली खोट शोधू लागले. पहिली पायरी बरोबर होती. दुसरीही बरोबर होती. ते तिसरीवर पोचले, तेवढ्यात खालून तिघांचा एकदम आवाज आला,

"ओ कवी, दार!"

"आलो, आलो," म्हणत कोडेकार दार लावायला गेले.