तिसऱ्या खांबाचे वर्तमान, अथवा सगुणाबाईंनी चित्र वेगळे काढिले ते प्रकरण

कुलस्वामिनी कृपा करो, रेंज अखंड राहो, ऐकणारांस धीर असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावण वद्यात एका राज्यी जे वर्तमान जाहले ते लिहितो. कोठे पदरचा मीठमसाला पडला असेल, तर क्षमा असावी.

राज्यात नद्या उदंड आणि पूल त्याहून उदंड. ते तपासावयास निरीक्षक नेमिले, आणि हरएकाचे हाती मोबाईल, आणि मोबाईलात पुलांचे दफ्तर. दफ्तराची करामत ऐशी की, रेंज नसली तरी नोंद हातच्या यंत्री होई, आणि रेंज येतांच ती राजधानीस जाई, आणि तेथून सर्व निरीक्षकांचे यंत्री उतरे. हे दफ्तर सगुणाबाई वाकनीस यांनी रचिले. बाई बुद्धीच्या तल्लख, बोलण्यात तुटक, कामास वाघीण. मग दिवाण आबासाहेब राजाध्यक्ष यांनी फर्माविले की, नोंदीस व्हिडिओ जोडावा, आणि ज्याचा व्हिडिओ लांब त्यास भर दरबारी शाल. मग काय विचारता! निरीक्षकांनी पुलासह म्हशी टिपिल्या, धुणी टिपिली, आपापल्या मिशा टिपिल्या. आणि हे अवजड चित्र नोंदीचे पोटातच बसे, म्हणोन एकाची म्हैस सर्वांचे यंत्री उतरे, आणि यंत्रे तुडुंब भरोन धापा टाकू लागली. बाईंनी दोन वेळा अर्ज केला. दिवाणांनी तो बासनात बांधिला.

ऐशात शुक्रवारी गोंदाजी लाड, निरीक्षकांत सर्वांहून चोख, एका पुलाखाली उतरले आणि पाहातात तो तिसरा खांब बुडाशी पोखरलेला. त्यांनी लिहिले, "पूल तात्काळ बंद करावा," आणि चाळीस मिनिटांचा व्हिडिओ जोडिला, आणि यंत्राने "नोंद झाली" म्हटले, म्हणोन निश्चिंत मने घाट चढोन पुढील पुलास गेले. नोंद झाली होती खरी, परंतु यंत्रातच. जाईल तर चित्रासह सगळी जाईल, नाही तर अक्षरही जाणार नाही, ऐसा दफ्तराचा कायदा. आणि घाटात रेंज काडीएवढी. इकडे सोमवारी पैलतीरी देवीची जत्रा, आणि पाच हजार माणूस त्याच पुलावरून जाणार.

रविवारी सकाळी सगुणाबाईंनी दफ्तर उघडिले आणि गोंदाजींचे नाव दोन दिवस कोरे पाहिले. "हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. काहीतरी अडकले आहे," म्हणाल्या. फोन लाविला, लागेना. मग बाईंनी पदर खोचिला आणि आपणच केलेला कायदा आपल्या हाते मोडिला. शब्द तेवढा दफ्तरी राहावा आणि आधी जावा. चित्र निराळ्या कोठीत ठेवावे, ते तुकड्यातुकड्याने मागाहून यावे. नोंदीत कोठीचा पत्ता मात्र असावा, आणि ज्यास पाहणे त्यानेच मागवावे. हा नवा कायदा चिमुकला, म्हणोन काडीएवढ्या रेंजेतूनही गोंदाजींचे यंत्री पोहोचला. दोन प्रहरी राजधानीत एक ओळ उमटली, तिसरा खांब, पूल बंद करावा, आणि खाली "चित्र वाटेवर आहे."

बाई तडक दिवाणांकडे गेल्या. दिवाण म्हणाले, "चित्र कोठे आहे? नुसत्या एका ओळीवर जत्रा अडवू? लोक माझ्या नावाने शिमगा करतील!"

"आबासाहेब, चित्रास दोन दिवस लागतील. खांब तोवर थांबेल, असे त्याने आपणांस लिहून दिले आहे काय? गोंदाजी लाडांनी आजवर एक पूल तरी उगाच बंद करविला असेल, तर सांगावे."

दिवाण हट्टी खरे, परंतु मनाचे खोटे नव्हेत. त्यांनी जीप काढविली, स्वतः पुलाचे तोंडी जाऊन दोर बांधिले, आणि सोमवारी सकाळपासोन तेथेच खुर्ची टाकोन जत्रेकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. धन्य त्यांची! लोक चार कोसांचा वळसा घालोन, कुरकुरत, पोरेबाळे खांद्यावर घेऊन देवीस गेले.

मंगळवारी चित्राचा शेवटला तुकडा आला, आणि दरबाराने तो व्हिडिओ चाळीस मिनिटे श्वास रोखोन पाहिला. त्यात जो खांब उभा दिसे, तो आदले दिवशी दोन प्रहरी नदीत गेला होता.

तात्पर्य, शब्द रविवारी पोहोचला आणि चित्र मंगळवारी पोहोचले. मध्ये सोमवार होता.