आकोबजींचा चौथा प्रहर

शुक्रवारी दुपारी सव्वातीननंतर आकोबजींपुढे कुणी बिस्कीट जरी केलं, तरी ते दोन्ही हात पाठीमागे घेत, अंगावर कुत्रं आल्यासारखे एक पाऊल मागे सरकत आणि म्हणत, "नको हो, भूक मोडेल!"

बाकीचं जग भूक मोडावी म्हणूनच खातं. आकोबजी मात्र तिला काचेच्या बरणीसारखी जपत.

मुलांनो, ही तुमचे आईबाबा कॉलेजात होते तेव्हाची, ऐंशीनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. आकोबजी रत्नागिरीत आमच्या शेजारी राहत. कागदोपत्री जेकब, गल्लीत आकोबजी. बंदर कचेरीतून निवृत्त झालेले. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. बायको मिल्काबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, मुलगा इस्रायलला गेला होता.

शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागे. त्या रात्रीच्या ताटावर माणसाने भूक घेऊन बसावं, म्हणून दिवसाच्या चौथ्या प्रहरात जेवायला बसायचं नाही, असा त्यांच्यात नियम. सणाच्या आदल्या दिवशीही तोच. उगवती ते मावळती मोजून आकोबजी दिवसाचे चार सारखे भाग करत. थंडीत चौथा प्रहर सव्वातीनला लागे, मे महिन्यात चाराला पाच कमी असताना. मी एकदा पंचांगावरून ताळा केला. दोन मिनिटांची चूक निघाली, ती पंचांगाची.

"म्हणजे उपासच ना?" मी विचारलं.

"छे! शुक्रवारी उपास करू नये असं आहे आमच्यात."

"मग खा की."

"खाणार नाही."

"मग उपासच झाला."

"वहिनी, तुम्ही एकादशीला साबुदाणा, रताळी, वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी खाता आणि त्याला उपास म्हणता. मी काही बोललो?"

मी विषय बदलला. नियमात थोडंसं तोंडात टाकायला हरकत नसते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "नियमाची नसेल," ते म्हणाले, "माझी आहे."

घोटाळा केला तो सुमनताईंच्या सोलकढीने. सुमनताई समोरच्या घरातल्या. मनाने लोण्यासारख्या, आवाजाने भोंग्यासारख्या. एका शुक्रवारी साडेतीनला त्यांनी आकोबजींपुढे सोलकढीची वाटी धरली. आकोबजी मागे सरकले ते तुळशीवृंदावनावर आपटले.

त्या दिवसांत गल्लीतल्या बायकांनी संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरले होते, आणि त्या व्रताला आंबट वर्ज्य. "आंबट नको म्हणाले गो!" सुमनताईंनी गल्लीभर सांगितलं. "आकोबजींनी शुक्रवार धरलेत!" पुढच्या शुक्रवारी त्यांनी मुद्दाम गूळ-चणे नेऊन दिले. आकोबजींनी मुकाट्याने खिशात टाकले. झालं, शंकाच फिटली. नवस कशाचा, यावर दोन मतं पडली. मुलगा परत यावा म्हणून, असं एकीचं मत. दुसरी म्हणे, मूळव्याध.

मी खुलासा केला. त्यावर सगळ्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "वहिनींना माहितेय, पण सांगायच्या नाहीत त्या."

सोळावा शुक्रवार आला. चार वाजता सुमनताईंनी आकोबजींना अंगणात बोलावून घेतलं. पाट, रांगोळी, खीर, पुरी, आणि भोवती सगळी गल्ली.

"हे काय?" आकोबजी म्हणाले.

"तुमचं उद्यापन."

"माझं?"

"लाजताय काय? बसा."

"सुमनताई, मी ज्यू आहे."

"आई भेद करत नाही."

"पण माझी भूक मोडेल हो!"

"अहो, न जेवलात तर तुमचे सोळा शुक्रवार फुकट जातील!" सुमनताईंचे डोळे भरून आले. हे शुक्रवार त्यांनी बोटांवर खरोखर मोजले होते. "भुकेचं काय, उद्या पुन्हा लागेल!"

"नाही लागत," आकोबजी म्हणाले, आणि वळून घरी गेले.

मी मागोमाग गेले. ते पायरीवर बसले होते.

"वहिनी, मिल्का गेल्यापासून सहा दिवस मला भूक म्हणून लागत नाही. वेळ झाली की दोन घास ढकलतो. शुक्रवारी तेवढी येते. मिल्का दुपारपासूनच चुलीपाशी असायची ना, त्या वेळेला येते. अशी, एवढीशी." त्यांनी चिमूट दाखवली. "एखाद्या शुक्रवारी मी या भुकेला परत पाठवलं आणि ती पुन्हा आलीच नाही तर?"

मी सुमनताईंकडे परतले. सुदैवाने नैवेद्य दाखवायचा राहिला होता. दुसऱ्या देवाला दाखवलेलं आकोबजींना चालत नाही, म्हणून मी त्यांच्या वाटची खीर-पुरी आधी वेगळी काढायला लावली.

"म्हणजे हे आईच्या आधी जेवणार?" सुमनताई दचकल्या.

"आईनंतर. सूर्य मावळल्यावर."

"तेव्हा चालतं?"

"आई काय घड्याळ बघते?"

सूर्य बुडायच्या आधी आकोबजींनी आपल्या स्वयंपाकघरात दिवा लावला. मग डोक्यावर टोपी घालून, काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून ते हिब्रूत काहीतरी म्हणाले. दारातून सुमनताई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "मनुका आंबट नाहीत ना गो?"

"गोड आहेत," मी म्हटलं.

आकोबजी ताटावर बसले. सकाळी शिजवलेला भात त्यांनी बाजूला सारला आणि पुरी खिरीत बुडवली. एक संपली. दुसरी संपली. ते मान खाली घालून जेवत होते. कुणी बोलत नव्हतं, सुमनताईसुद्धा. शेवटी त्यांनाच राहवेना. पदर सावरून त्या वेगळ्या काढलेल्या पुऱ्यांची परात घेऊन पुढे झाल्या आणि त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"वाढू आणखी?"

त्या स्वयंपाकघरात दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आकोबजींनी मान वर केली. मग दोन बोटांनी त्यांनी ताट परातीकडे सरकवलं.