ऑरिनचं पोट आणि गावाचा आग्रह

"चौदा दिवस नुसतं पातळ प्यायचं? त्यात काय मोठंसं!" ऑरिन नीगार्ड डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "चौतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. बाहेर हिमवादळ आणि मागे साठ पोरांचा गोंधळ! त्यापुढे उपाशी राहणं म्हणजे सुट्टीच की!"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. वजन तीनशे बेचाळीस पौंड. त्या याच्या पोटाचा मोठा भाग कापून टाकणार होत्या आणि केळ्याएवढा ठेवणार होत्या. पण पोटावर यकृत बसलेलं असतं, आणि ऑरिनचं यकृत चरबीनं असं फुगलं होतं, की ते आकसल्याशिवाय आत हात घालता येईना. म्हणून आधी पातळ आहार.

"चौदा दिवसांत बारा पौंड उतरले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "नाही उतरले, तर ऑपरेशन रद्द. मग उन्हाळ्यातच बघू."

हृदयाच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की असंच चाललं तर फार तर पाच वर्षं. परतताना गाडीत बायको लवॉन बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला त्या घरात एकटीला राहायचं नाही, ऑरिन. एवढंच."

मिनेसोटाच्या त्या भागात एखादी बाई एवढं बोलली, म्हणजे तिनं ऊर बडवून आकांत केला असं समजायचं. ऑरिननं त्याच क्षणी ठरवलं. बारा काय, वीस पौंड उतरवीन!

फक्त एक अट घातली. "कुणाला सांगायचं नाही. कॅफेतली मंडळी मला मरेपर्यंत चिडवतील."

आता लवॉनला खोटं बोलता येत नसे. बोललीच तर तिची मान बिटासारखी लाल व्हायची. म्हणून रविवारी चर्चमध्ये तिनं आर्डिस मोएनला फक्त खरं तेवढंच सांगितलं. "ऑरिनच्या पोटाचं ऑपरेशन आहे."

आर्डिस चर्चचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिच्या हाती पडलेली बातमी म्हणजे उतारावर ब्रेक न लावता सोडलेली बस!

"कसलं ऑपरेशन गं?" आर्डिसनं विचारलं.

लवॉननं बुटांकडे बघितलं. "आम्ही त्याबद्दल बोलत नाही."

झालं! ज्याच्याबद्दल बोलत नाहीत असा त्या गावात एकच आजार होता.

सोमवारी सकाळी नऊला आर्डिस दारात हजर. हातात फॉइलनं झाकलेलं, वाफाळतं हॉटडिश, म्हणजे त्या भागात आजाऱ्याच्या घरी न्यायचं थरांचं भाजलेलं जेवण. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मश्रूमचं सूप, वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची शिस्तीत मांडलेली रांग आणि त्यावर चीज. ऑरिनच्या हातात चॉकलेटच्या पावडरीचं पेय होतं. त्याची चव चुन्यात कोको कालवल्यासारखी होती.

"अगं, कशाला त्रास घेतलास! नको," ऑरिन म्हणाला.

"त्रास कसला!"

"नाही, खरंच नको."

"थोडंसंच तर आहे," आर्डिस म्हणाली. थोडंसं म्हणजे दहा माणसांचं.

"छे छे, नकोच!"

"घे रे, मुकाट्यानं."

आता, त्या गावात नाही म्हणायची एक रीत आहे. तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं. पहिल्याच फटक्यात घेतलं, तर तो हावरट. चौथ्यांदा नको म्हणणारा माणूस गावानं तोवर पाहिलाच नव्हता. ऑरिननं गावाचा इतिहास मोडला.

"आर्डिस, मी खाऊ शकत नाही. नको!"

आर्डिसचे डोळे भरून आले. हॉटडिश तिनं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर पडताना लवॉनचा हात दाबला. "बिचारा! जेवणसुद्धा जात नाही गं त्याला!"

संध्याकाळपर्यंत आणखी तीन हॉटडिश आली!

परत तरी कशी करायची? प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. भरलेलं भांडं परत पाठवणं म्हणजे त्या बाईच्या थोबाडीत मारणं. आणि अन्न फेकायचं म्हटलं तर लवॉनची आई थडग्यातून उठून आली असती. शेवटी लवॉननं सगळी भांडी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. जानेवारी होता. बाहेर उणे पंचवीस. फुकटचा फ्रीज! शेल्फवर, गवत कापायच्या यंत्रावर, बर्फगाडीच्या सीटवर, सगळीकडे हॉटडिश. रोज दुपारी लवॉन त्यातलं एखादं गरम करायची आणि नवऱ्याकडे पाठ करून, चोरासारखी, मान खाली घालून खायची.

"आज कुणाचं?" ऑरिन विचारायचा.

"बोलू नकोस."

"वास तरी सांग की कसला आहे!"

"ऑरिन, तुझं चॉकलेट पी."

आठ दिवसांत ऑरिनचे गाल आत गेले, रंग राखेसारखा झाला. रविवारी चर्चमध्ये उभं राहून गाताना त्याची पँट घसरली. त्यानं ती एका हातानं धरली. मागच्या बाकांवरून हुंदका ऐकू आला. सोमवारी पाच हॉटडिश! तो जितका वाळत जाई तितकं गाव जास्त रांधत जाई, आणि गाव जितकं रांधी तितकं त्याला सोसणं अवघड होई.

मंगळवारी पाद्रीसाहेब घरी आले. कॉफी घेतली. हवेबद्दल बोलले. मग हळूच विचारलं, "ऑरिन, चर्चमधली कोणती गाणी आवडतात रे तुला?"

इतक्या वर्षांत त्याची आवड कुणी विचारली नव्हती. ऑरिन खुलला! एक सोडून पाच गाणी सांगितली. शेवटचं तर थोडं म्हणूनही दाखवलं. पाद्रीसाहेबांनी सगळं अंत्यविधीच्या वहीत उतरवून घेतलं. आत स्वयंपाकघरात लवॉनच्या हातून चमचा पडला.

अकराव्या दिवशी नऊ पौंड उतरले होते. तीन राहिले होते, आणि दिवसही तीनच. लवॉन दुपारी गाण्याच्या सरावाला गेली. जाताना म्हणाली, "मी दीड तासात येते. तू खुर्चीतून उठू नकोस."

ऑरिन वीस मिनिटं उठला नाही. मग म्हणाला, नुसतं बघून यायला काय हरकत आहे?

लांब बाह्यांचा आतला लोकरी पोशाख, पायात बूट, डोक्यावर कानटोपी, अशा थाटात तो गॅरेजमध्ये शिरला. सगळी हॉटडिश दगडासारखी गोठलेली. वासही येत नव्हता. पण चाळीस वर्षं खाल्लेल्या माणसाला वास लागत नाही हो! कोपऱ्यात मासेमारीसाठी तळ्याचा बर्फ फोडायची पहार होती. ती त्यानं उचलली. पहिलाच घाव आर्डिसच्या हॉटडिशवर. बटाट्याचा एक गोळा सुटला, गाडीच्या काचेवर आपटला आणि टणकन परत आला. ऑरिननं तो झेलला आणि तोंडात टाकला. गोळा गालात, हातात पहार, आणि थंडीनं डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. आर्डिस! हातात नवं हॉटडिश.

तिनं त्याला बघितलं. मग हातातलं भांडं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, पुढे आली आणि त्याला मिठी मारली. उभ्या आयुष्यात तिनं कुणाशी हस्तांदोलनापलीकडे काही केलं नव्हतं!

"रड, ऑरिन. रड," ती म्हणाली. "जायच्या आधी एकदा मनासारखं खावंसं वाटणारच."

ऑरिनला बोलता येईना. गोळा टाळ्याला चिकटला होता. कसाबसा तो थुंकला. "आर्डिस, मी मरत नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात रे."

"मला कॅन्सर नाही! मी जाडा आहे! जाडा! पोट लहान करून घ्यायला चाललोय!"

आर्डिस दोन पावलं मागे सरली.

"जाडा आहेस ते ठाऊक आहे आम्हाला," ती म्हणाली. "वीस वर्षं तुमच्या बाकावर आम्ही चौथं माणूस बसवत नाही."

ऑरिननं मान खाली घातली.

"म्हणजे रविवारी सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली, ती?" आर्डिसनं विचारलं.

"ती... यकृतासाठी धर."

"आणि आजाऱ्याला द्यायची गोधडी? आठ जणी बसलोय शिवायला!"

"गोधडी चालेल मला."

"मग मापानं लहान शिवावी लागेल," आर्डिस म्हणाली. मग तिचं लक्ष पहारीकडे गेलं. "किती पौंड राहिलेत?"

"तीन."

"किती दिवस?"

"तीन."

"आणि तू इथं आतल्या कपड्यांवर उभा राहून माझं हॉटडिश फोडतोयस? मेल्या, लवॉनचा काही विचार?" तिनं पहार हिसकावून घेतली.

"तिला सांगू नकोस!"

"मी? मी कधी कुणाला काही सांगते का?"

पाच वाजेपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. तळाची चिकटपट्टी वाचून जिनं तिनं आपापलं भरलेलं भांडं परत नेलं. असं त्या गावात आजवर घडलं नव्हतं. लवॉन दारात उभी होती, मान बिटासारखी लाल. आर्डिस म्हणाली, "बाई, सांगायचंस की गं! सूपच आणलं असतं."

पुढचे तीन दिवस गावानं ऑरिनवर पहारा ठेवला. कॅफेत त्याच्यापुढे नुसतं गरम पाणी आलं. पेट्रोल पंपावरच्या मुलीनं डोनट विकायला साफ नकार दिला. "लवॉनकाकू मारेल मला!" ती म्हणाली. चौदाव्या दिवशी सकाळी काट्यावर तेरा पौंड कमी भरले. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. ऑरिननं ती एकट्यानं घेतली.

ऑपरेशन नीट झालं. ऑपरेशनसाठी पोटात भरलेली हवा खांद्यात चढून बसली तेव्हा तो ओरडला, की पोट कापायला सांगितलं होतं, खांदा नव्हे! दवाखान्याच्या लांब बोळातून मागून उघडा झगा सावरत त्यानं फेऱ्या मारल्या. मग घरी आला, आणि घोटांचे दिवस सुरू झाले.

औषधाच्या इवल्याशा कपातून, दर पाच मिनिटांनी एक घोट. जास्त नाही, कमी नाही. लवॉन समोर बसायची, मांडीवर शब्दकोडं, शेजारी स्वयंपाकघरातलं घड्याळ. टिंग वाजलं की वर न बघता म्हणायची, "घोट." तो प्यायचा. बाहेर बर्फ पडत असायचा. टिंग! "घोट. सात अक्षरी नदी सांग." त्याला एकही नदी आठवायची नाही. पुन्हा टिंग! सगळा फेब्रुवारी तसाच गेला. तेव्हा ऑरिनला वाटायचं, कधी एकदा संपतंय हे! आता त्याला कुणी विचारलं, की आयुष्यातले कोणते दिवस परत हवेत, तर लग्नाचे नाही, पोरं झाली तेही नाही, तो फेब्रुवारी म्हणेल.

आर्डिस एकदा बरणी घेऊन आली. आत करड्या रंगाचं काहीतरी. "हॉटडिशच आहे. मिक्सरमधून काढून गाळलंय."

"नको," ऑरिन म्हणाला.

"बरं," म्हणून आर्डिसनं बरणी पिशवीत टाकली आणि निघून गेली! दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही! ऑरिनला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

वसंतात तो चालायला लागला. आधी टपालपेटीपर्यंत, मग चर्चपर्यंत, मग तळ्याभोवती. ऑगस्टपर्यंत एकशे दहा पौंड गेले. चाळीस वर्षं लवॉन पुढे आणि तो धापा टाकत मागे असायचा. आता तो पुढे आणि मागून ओरडा, "अरे थांब की! कुणाची बस चुकतेय?" मग तो होड्या उतरवायच्या धक्क्यापाशी थांबायचा. ती यायची, त्याच्या दंडाला धरून श्वास घ्यायची, आणि दोघं पुढे निघायची.

असे पाच उन्हाळे मिळाले. पाचव्या वर्षी पानगळीत लवॉन आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. तिच्याकडे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष ऑरिनच्या वजनाकडे.

ऑरिन आता सत्तरीला आलाय. डॉक्टर म्हणतात, हृदय घोड्याचं आहे, अजून वीस वर्षं कुठं जात नाही. तो रोज तळ्याभोवती चालतो. धक्क्यापाशी आला की थांबतो आणि मागे बघत उभा राहतो. फार नाही, दोन-तीन मिनिटं.

परवा आर्डिसची गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"काय रे, दम लागला का?"

"हो, जरासा."

"बस गाडीत, सोडते घरी." आर्डिसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं पोट कापून घेतलंस, गावाला उपाशी राहून दाखवलंस, आणि तरी दम लागतोच! काही उपयोग झाला नाही बघ त्या ऑपरेशनचा."

"नाही झाला," ऑरिन म्हणाला, आणि गाडीत बसला.