रागाची कानटोपी

शनिवारी सकाळी घड्याळवाल्यांनी स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची लाल कानटोपी हळूच काढली, घडी करून कोटाच्या खिशात कोंबली आणि मांजराच्या पावलांनी ते घराबाहेर पडले. स्वतःच्याच घरात चोरी करायची त्यांची ही पहिलीच वेळ. जिना उतरताना छाती इतकी धडधडत होती की हाडाचे कारागीर असल्यामुळे त्यांनी थांबून नाडीवर बोट ठेवलं. ठोके मिनिटाला अठ्ठावीस पुढे जात होते. दुकानात असं घड्याळ आलं असतं तर त्यांनी ते आठ दिवस ठेवून घेतलं असतं.

टोपी साधीसुधी नव्हती. गेल्या थंडीत घरातली तिन्ही मोठी माणसं डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी तिघांच्या दंडांना पाळीपाळीनं रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि विचारलं, "घरात नेमकं चालतं तरी काय?" त्याबरोबर घड्याळवाल्यांची बायको आणि वडील, म्हणजे आबा, एकदमच सांगू लागले. घड्याळवाले जमिनीकडे बघू लागले. बाईंनी स्टेथोस्कोप कानात घातला आणि दुसरं टोक कुठेही न टेकवता तशाच स्वस्थ बसून राहिल्या. दोघांना दम लागला तेव्हा त्यांनी तो काढला.

"गोळ्या नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी एका वेळी एकानं बोलायला शिका. आणि सगळ्यांत वर आकडा यांचा आहे, गप्प बसणाऱ्यांचा. तुमच्या दोघांचं बाहेर तरी पडतं."

त्याच संध्याकाळी बायकोनं खुंटीवर टोपी टांगली. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. "दिवसभर मी लोकांचं रक्त काढते," तिनं जाहीर केलं, "घरी आल्यावर माझं कुणी पिऊ नये, एवढंच मागणं आहे. यापुढे ज्याच्या डोक्यावर टोपी, त्यानंच रागवायचं. टोपी एक, राग एक. बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं." क्रोधाला जिंकावं असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे, कसं, ते मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवलं आहे. या घरानं ते काम लोकरीवर सोपवलं. पंच म्हणून नेमणूक झाली दहा वर्षांच्या लेकीची. तिला सगळे ठकी म्हणत.

आणि देवाची करणी पाहा, नियम केला माणसांनी, पण तो चालवला ऋतूंनी. थंडीत टोपी उबदार, म्हणून आबा सकाळपासूनच ती घालून बसत. घातलीच आहे तर रिकामी कशाला ठेवायची, म्हणून रागवायला कुणीतरी शोधत. उन्हाळ्यात लोकर अशी टोचायची की कितीही मोठं भांडण अर्ध्या मिनिटात आटपायचं. पावसाळ्यात टोपी धुतली की पाच-पाच दिवस वाळायची नाही. राग दोरीवर लोंबकळत राहायचा, आणि टोपी वाळून हातात येईतो कशावरून चिडलो होतो तेच आठवायचं नाही.

घड्याळवाल्यांनी मात्र वर्षभरात ती एकदाही घातली नव्हती. त्यांना राग येत नव्हता असं नाही. यायचा, पण पाहुण्यासारखा दाराबाहेर चपला काढून उभा राहायचा, आणि कुणी 'आत या' म्हणेना तेव्हा निमूट परत जायचा.

आज त्याला आत बोलावणं भाग होतं. त्यांच्या दुकानाशेजारी पडद्यांचं दुकान होतं. मालक, पडदेवाले, बारीक चणीचा, मऊ बोलण्याचा माणूस. त्यानं वर्षभरापूर्वी दोन्ही दुकानांच्या मधल्या बाजूला एक पडदा टांगला. मग दुसरा, मग चौथा. आता जाड, दुहेरी अस्तराचे नऊ पडदे घड्याळवाल्यांच्या दर्शनी भागावर असे ओघळले होते की दुकान आहे हे दुकानात बसलेल्यालाच माहीत. त्यातच गावच्या मोठ्या शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्तीला निघालं. नऊ वर्षं बंद पडलेलं ते घड्याळ आपल्या हातून चालू व्हावं, हे घड्याळवाल्यांचं जुनं स्वप्न. मुख्याध्यापिकाबाई काम सांगायला दोनदा बाजारात आल्या आणि दोन्ही वेळा दुकान न सापडून परत गेल्या. त्यांनी निरोप धाडला, शनिवारी अकराला शेवटची येऊन बघते. नाही सापडलं तर दुसऱ्याला देईन.

"अहो, जाऊन सांगा की त्या पडदेवाल्यांना!" बायको आठवडाभर म्हणत होती.

"सांगतो. योग्य वेळ यायला हवी."

"कमाल झाली. घड्याळवाल्यालाच वेळ सापडेना!"

दुकानात पोचल्यावर घड्याळवाल्यांनी लंबकाच्या घड्याळाच्या काचेत बघून टोपी घातली. गोंडा डाव्या कानावर आला. "अहो पडदेवाले, हे चालणार नाही!" असं ते काचेला तीनदा म्हणाले. मग छाती पुढे काढून बाहेर आले आणि पडदा बाजूला सारला. पडदेवाले स्टुलावर बसून कापड मोजत होते. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"अहो पडदेवाले..."

"अं?" त्यांनी एक बोळा काढला.

"थंडी फार पडली नाही?"

"फारच," पडदेवाले म्हणाले आणि बोळा परत घातला.

घड्याळवाले आत येऊन कपाळाला हात लावून बसले. साडेदहा झाले होते. चौदा भिंतीवरची घड्याळं टिकटिकत त्यांच्याकडे बघत होती.

तेवढ्यात पडदे हलले आणि आधी ठकी, मागून बायको आणि आबा आत शिरले. आबांनी गरम बटाटा गालात धरावा तसं तोंड घट्ट मिटलं होतं.

"अहो, टोपी द्या," बायको म्हणाली. "साडेआठपासून दाबून धरलंय मी. आख्खा बसप्रवास एक अक्षर बोलले नाही."

"मी आठ पंचवीसपासून!" आबांचा बटाटा फुटला. "आधी माझा नंबर. मी खिडकी लावली, मग हिनं उघडली. क्रम चुकवायचा नाही."

"आबा, आवाज वाढला," ठकीनं बजावलं. "टोपी नाहीये डोक्यावर."

"आज टोपी मला हवी आहे," घड्याळवाले म्हणाले.

भिंतीवरचं एखादं घड्याळ माणसासारखं बोललं असतं तरी तिघं इतकी दचकली नसती.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "रागावणार?"

"हो. म्हणजे, रागावून झालंच होतं. थंडीवर अडलं."

"अरे, मग मी दाखवतो कसं करतात ते," म्हणत आबांनी त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढून स्वतः घातली आणि सुनेकडे वळले. "सूनबाई! भर थंडीत सकाळी सकाळी खिडकी उघडतेस? मी काय भाजी आहे ताजी राहायला?"

आबांनी तेहतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी केली होती. त्यांचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत विनासायास जात असे; तो पडद्यांना काय जुमानतो? बाहेर बाजार भरला होता. बंद पडद्यांच्या मागून खणखणीत संवाद ऐकू येऊ लागल्यावर लोकांना वाटलं, नाटक लागलंय. दहा माणसं जमली. त्यांना बघून आणखी वीस. कुणीतरी पडदा वर केला, तेव्हा टोपी बायकोच्या डोक्यावर गेली होती आणि ती म्हणत होती, "खोलीत हवा नको? रात्रभर तुमच्या घोरण्यानं काचा हलतात, तेवढीच काय ती हालचाल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे काय चाललंय?" फळवाल्या मावशींनी विचारलं. ठकीनं त्यांना नियम समजावून सांगितला. मावशी विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, दोन मिनिटं मला देतेस का गं? समोरचा केळीवाला रोज माझ्या सावलीत गाडी लावतो. पाच वर्षं झाली, मी नुसती बघते."

मावशींच्या मागे टपालवाला उभा राहिला. त्याच्या मागे चष्मेवाले. रांग वळसा घालून चौकापर्यंत गेली आणि आबांच्या अंगात पुन्हा कंडक्टर संचारला. "पुढे सरका, पुढे सरका! दारात उभे राहू नका! बाई, तुम्हाला कुठे... म्हणजे, कुणावर रागवायचंय? मागे चला!"

घड्याळवाले घामाघूम झाले. अकराला पाच कमी होते. मुख्याध्यापिकाबाईंना आधी दुकान दिसत नव्हतं. आता दिसलं तरी त्या या जत्रेत कशाला शिरतील? ते गर्दीतून वाट काढू बघत होते, तोच पडद्यांवर पडलेले बोटांचे ठसे बघून पडदेवाले धावत आले. "अहो, काय चाललंय काय? हळू ओढा, अस्तर फाटेल!"

ते नेमके रांगेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते. ठकी कर्तव्याला चुकणारी नव्हती. तिनं मावशींकडून टोपी घेतली आणि टाचा उंचावून पडदेवाल्यांच्या डोक्यावर चढवली. "काका, तुमचा नंबर. मनात असेल ते बोला."

"मला काही बोलायचं नाही गं बाळ," पडदेवाले म्हणाले. त्याच क्षणी पहिल्या घड्याळानं अकराचा पहिला टोला दिला.

मग दुसऱ्या घड्याळानं. मग तिसऱ्यानं. दुरुस्त झालेली घड्याळं घड्याळवाले आठ आठ दिवस वाजती ठेवत. प्रत्येकाची चाल अजून थोडी मागेपुढे असे. चौदा घड्याळं, प्रत्येकाचे अकरा टोले, एकाचे संपताहेत तोवर दुसऱ्याचे सुरू. पडदेवाल्यांनी डोळे मिटले. हात मुठीत गेले. कानांतले बोळे त्यांनी उपटून फेकले आणि बाजारानं त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"हे! हे बोलायचंय मला! दुपारी बारा वाजता एकशे अडुसष्ट टोले! मोजलेत मी! गिऱ्हाईक विचारतं मीटर किती, मी सांगतो अकरा! घरी गेलो तरी डोक्यात टण् टण् टण्! म्हणून पडदे लावले! एकानं भागेना म्हणून नऊ लावले! आणि हा गृहस्थ रोज येतो, हिवाळ्यात म्हणतो थंडी फार, उन्हाळ्यात म्हणतो उकडतंय फार! इतक्या सज्जन माणसाला सांगायचं तरी कसं?"

चौदाव्या घड्याळाचा अकरावा टोला पडला.

"मला वाटलं, कापूस थंडीसाठी," घड्याळवाले पुटपुटले.

"भर उन्हाळ्यात?"

बायकोनं पडदेवाल्यांची टोपी काढून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. "घ्या. आता तुमची पाळी. इतके दिवस साठवलंय ते सगळं सांगा."

घड्याळवाल्यांनी गोंडा नीट केला. वर्षभराचा राग खरोखरच दाराशी आला होता. पण त्यानं आत डोकावून पाहिलं, तर आपल्याच जागी कुणी दुसराच वर्षभर ताटकळत उभा असलेला दिसला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "माफ करा."

टोपी घालून माफी मागता येते का, याबद्दल नियमात काही नव्हतं. ठकीनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

"एक मिनिट," रांगेत सातव्या असलेल्या बाई पुढे आल्या. "मी दुकान विचारायला आले होते, तर या काकांनी मला पुढे सरका, मागे चला करत रांगेतच लावलं. हे टोले इतके मोठे वाजतात? रोज?"

"रोज?" पडदेवाले कळवळले. "बाई, न चुकता!"

"आमच्या शाळेत नऊ वर्षं चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पहिल्या तासालाच पोरांना वाटतं, शाळा सुटली. मला असंच घड्याळ हवंय, शेजाऱ्यांनी तक्रार करावी असं. घड्याळवाले, सोमवारी या. शिडी आहे आमच्याकडे."

त्या दुपारी पडदे उतरले. पडदेवाल्यांनी स्वतःच्या हातानं अस्तराच्या पट्ट्या कापून चौदा घड्याळांच्या टोले देणाऱ्या हातोड्यांना गुंडाळल्या. आता बारा वाजले की पलीकडच्या खोलीत कुणी उशी झटकतंय असं वाटे. हिवाळा संपता संपता शाळेचं घड्याळ वाजू लागलं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळवाल्यांच्या दंडाचा पट्टा सोडत, आकडा उतरलेला बघून विचारलं, "कुठली गोळी घेता?" ते म्हणाले, "अस्तराची."

टोपी मात्र त्या दिवशी घरी आलीच नाही. "आत्ता आणून देते" म्हणून मावशींनी नेली, तिथून ती टपालवाल्याकडे, मग चष्मेवाल्यांकडे गेली, अशी बाजारभर हिंडली. सर्वांत शेवटी ती हमालदादांना मिळाली. त्यांच्या डोक्यावर धान्याची दोन पोती आरामात बसत. ऋतू बदलला आणि ठकी ती परत घेऊन आली, तेव्हा टोपी टोपलीएवढी झाली होती.

दुसऱ्याच सकाळी बायकोनं खिडकी उघडली. आबांनी लावली. दोघांनी एकदमच खुंटीकडे झेप घेतली, दोघांनी एकदमच डोकं घातलं, आणि टोपी दोघांच्याही कानांपर्यंत व्यवस्थित बसली. घड्याळवाल्यांनी आशेनं पंचाकडे पाहिलं.

"नियमात बसतंय," ठकी म्हणाली.

गालाला गाल लावून दोघांनी तोंडं उघडली. पण इतक्या जवळून ओरडायचं म्हणजे आपलेच कान फुटणार.

"आबा, खिडकी..." बायको कुजबुजली.

"हळू गं सूनबाई, गुदगुल्या होतात," आबा कुजबुजले.

घड्याळवाल्यांना हसू आवरेना. ते ओट्याला टेकून खदखदू लागले. तशी लाल टोपी हळूहळू, एक डोकं दुसऱ्याला सांभाळत, त्यांच्याकडे वळली.

"अहो, दात काय काढताय!"

"अरे, उभा काय राहिलास! खिडकी बघ जरा!"

आवाज दोन, पण टोपी एक, राग एक. घड्याळवाल्यांनी मुकाट्यानं खिडकी अर्धी उघडली, अर्धी लावली. मग सवयीनं नाडीवर बोट ठेवलं. ठोके अगदी वेळेवर पडत होते.